सतराचा उलटा पाढा

परचुरे सरांनी मला आयुष्यात एकदाच हात लावला. त्या हाताचा राग मी अजून सोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागलो तर ते माझ्याकडून ओढून काढलेलं आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात ते पळण्याचे कोच होते. मैदानावरच्या शर्यती आणि क्रॉसकंट्री, म्हणजे रानातून, बांधावरून, ओढ्यातून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत. मी गेलो तेव्हा नऊ वर्षं ते तासिका तत्त्वावरच होते. भरतील तेवढ्या तासांपुरती नोकरी, उन्हाळ्यात काही नाही, जून उजाडला की पुन्हा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या दारात. रोज पहाटेच्या गाडीनं तळेगावहून यायचे. अंगानं किडकिडीत, पावसाळ्यात मेणकापडाची टोपी, पायात कायम कुणातरी पोरानं टाकून दिलेले बूट. शिट्टी गळ्यात असायची पण वाजवताना मी कधी ऐकली नाही. टाळी वाजवायचे. एक टाळी, तीही हळू. सगळं मैदान थांबायचं.

मला त्यांनी लोहगडवाडीत पकडलं. गडाच्या पायऱ्यांखाली आईचं ताक-काकडीचं दुकान होतं. बारावी होऊन मी तिथंच बसलो होतो. मळवली स्टेशनवरून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून डोक्यावर आणायची, ती वितळायच्या आत वर पोचायचं, हे माझं काम. त्यामुळं पळत यायचो. एका रविवारी सर पोरांना घेऊन गडावर आले होते. माझी लादी बघितली, गोणपाटाला हात लावला, किती ओलं झालंय ते बघितलं.

"खालपासून इथपर्यंत किती वेळात येतोस?"

"काय देनार?"

"काही नाही."

"मग कशाला सांगू?"

बरोबरची पोरं हसली. सर हसले नाहीत. "उद्या सकाळी सातला मी स्टेशनवर उभा राहतो," म्हणाले. "रिकाम्या हातानं खाली पळत ये."

"न्हाई आलो तर?"

"तर मी पुढच्या गाडीनं कॉलेजला जाईन."

हा माणूस खरंच उभा राहतो का, एवढंच बघायला मी गेलो. गायमुख खिंडीतून भाज्यापर्यंत सुटलो ते थेट फलाटावर. उभे होते. घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली.

"किती झालं?" मी विचारलं.

"कॉलेजात प्रवेश घे. तिथं सांगतो."

मी लहानपणापासून गिऱ्हाइकाला शेवटचा शब्द बोलू दिला नव्हता. त्या दिवशी तो ते बोलले आणि गाडीत चढून गेले. मी प्रवेश घेतला. आकडा मला आजपर्यंत सांगितलेला नाही.

त्यांच्या तोंडात शाब्बास नव्हतं. "बरं" होतं. कुणी जीव तोडून पळून आलं तरी "बरं", कुणी मध्येच ओकलं तरी "बरं", फक्त दुसऱ्या वेळी पाण्याची बाटली पुढं यायची. बाकीचे कोच पहिल्या पोराबरोबर सायकल मारत जातात. हे शेवटच्याच्या मागं चालायचे, आणि चालताना वाटेतले दगड उचलून कडेला ठेवायचे. फेकायचे नाहीत, ठेवायचे. मी एकदा म्हणालो, "सर, लोहगडचे दगड तुम्ही कुटं संपवणार?" तर म्हणाले, "संपवायचे नाहीत. आजचे उचलायचे."

बेडशाच्या मंगलची गोष्ट कॉलेजात सगळ्यांना माहीत होती. मंगल म्हणजे आमच्या संघातली सगळ्यात चिवट मुलगी. तिच्या वडिलांनी पळणं बंद केलं, कारण शर्यतीत आखूड चड्डी घालावी लागते. सर बेडशाला गेले. मी बरोबर होतो. तिचे वडील, आबा, ओट्यावर बसलेले, बसा म्हणाले नाहीत.

"लेकीला चड्डीवर पळवनार न्हाई, मास्तर. गावात तोंड हाय आमाला."

"सलवारीत पळू दे," सर म्हणाले.

आबांना भांडायचं होतं. हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. "सलवारीत पळत्यात व्हय कुटं?"

"अजून कुणी पळालं नसेल. तिला पळू दे."

"आन् हारली तर?"

"तर सलवारीत हरेल, आबा."

आबांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. पण खरी पंचाईत शर्यतीच्या दिवशी झाली. पंचांनी मंगलला रेषेवरून बाहेर काढलं, हा पोशाख चालणार नाही म्हणून. सरांनी आवाज चढवला नाही. नियमाचं पुस्तक मागितलं आणि म्हणाले, कुठं लिहिलंय ते वाचून दाखवा. पंच पानं उलटायला लागले. चाळीस मुली रेषेवर उभ्या, ऊन चढत चाललेलं, बाकीच्या कॉलेजांचे कोच ओरडतायत. सर तिथंच, पंचाच्या खांद्यामागं, त्याच्याबरोबर ओळ न् ओळ वाचत. शेवटी पंचच म्हणाला, जाऊ दे, पळू द्या. मंगल नववी आली. सर म्हणाले, "बरं." एवढं हट्टी माणूस मी धंद्यातसुद्धा बघितलेलं नाही, आणि धंद्यात मी क्रशरवाल्यांशी, गुंठामंत्र्यांशी, तलाठ्यांशी बोललो आहे.

आता पाढ्यांचं सांगतो.

खंडाळ्याच्या अंगाला एक लांबट चढ होता. आम्ही चढ चढताना सर मध्येच झाडाखाली उभे असायचे. पोरगं समोरून गेलं की म्हणायचे, "तेराचा." त्यानं पळता पळता तेराचा पाढा म्हणायचा. धाप लागून आकडा गिळला तर तो दमलाय. आकडा चुकला तर डोक्याला रक्त कमी पडतंय, थांबवायचं. नाडी मोजायची यंत्रं तेव्हाही मिळत होती, पण कॉलेजनं घेतली नव्हती. सरांचं म्हणणं, पोरगं दमलोय का याबद्दल खोटं बोलतं, पाढ्याला खोटं बोलता येत नाही.

मला येत होतं. माझ्या लक्षात पहिल्या महिन्यातच आलं की मला विचारताना हे सतरा, एकोणीस आणि तेवीस यांच्या पलीकडं जात नाहीत. मी ते तीन पाढे असे घोटले की झोपेत लाथ मारली तरी पूर्ण म्हटले असते. गावच्या शाळेतल्या चालीवर, आकड्यांकडं न बघता. मग पाय मेले, डोळ्यांपुढं काजवे आले, तरी तोंडातून पाढा वाहायचा. सर वहीत लिहायचे आणि मला अजून एक चढ द्यायचे. याच चलाखीवर मी दोन वर्षांत कॉलेजातला सगळ्यात पुढचा झालो. मला वाटायचं मी त्यांना फसवतोय. खरं तर त्यामुळं ते मला माझ्या ताकदीपलीकडं पळवत होते, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी परंदवडीच्या शिवारात विद्यापीठाच्या संघाची निवड शर्यत होती. अडीच किलोमीटरचे चार फेरे, पहिले सहा विद्यापीठाच्या संघात. विद्यापीठाकडून खेळलेल्याला रेल्वेत खेळाडू म्हणून लागायची संधी असे, आणि आमच्या वाडीतून तोवर कुणी सरकारी खुर्चीत बसलेलं नव्हतं. आईनं दुकान आवरून ठेवलं होतं, म्हणजे पोरगं लागलं की बंदच करायचं. सरांचंही अडकलेलं होतं. प्राचार्यांनी त्यांना तोंडी शब्द दिला होता, या वर्षी एक तरी पोरगं विद्यापीठाच्या संघात गेलं तर कायम करण्याचा प्रस्ताव पाठवतो. हे शिपायानं आम्हाला सांगितलं होतं. म्हणजे त्या सकाळी रेषेवर मी एकटा उभा नव्हतो. माझ्या पायांवर दोन नोकऱ्या होत्या.

आदल्या दिवसापासून मला ताप होता. मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी गोळी घेतली, वरून लिंबूपाणी प्यालो, आणि सरांपुढं उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त बघितलं. मग छातीवरच्या नंबराच्या चार पिना हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "दुसऱ्या फेऱ्यापर्यंत कुणाच्या पुढं जाऊ नकोस."

पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्यात मी आठवा होतो. तिसऱ्यात चौथा. ऑक्टोबरचं ऊन, कापलेल्या भाताची धसकटं, बांध उतरताना पायाखाली जमीन कुठं आहे ते नीट दिसत नव्हतं. पण पुढचे तिघे टप्प्यात होते आणि मागचा लांब होता. मी चौथा होतो. हे मी पुन्हा लिहितो, कारण हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

शेवटच्या फेऱ्याच्या आधी विहिरीजवळ एक वळण होतं. तिथं सर उभे होते.

"सतराचा."

मी पळत पळत सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. घडाघडा. सर माझ्या बाजूनं दोरीबाहेरून पळायला लागले. त्यांना तसं पळताना मी कधी बघितलं नव्हतं.

"थांब. उलटा म्हण."

"काय?"

"दहापासून खाली."

"सतरा दाहे सत्तरासे," मी म्हणालो. "सतरा नवे त्रेपन्नासे. सतरा आठे..."

आणि पुढं काही नव्हतं. सतरा आठे. सतरा आठे. तोंड चालत होतं पण आकडा नव्हता. मला आठवतं, मी चौथ्यांदा "सतरा आठे" म्हणालो तेव्हा मला हसूच येत होतं.

सर दोरीखालून आत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

शर्यतीत बाहेरच्या माणसानं पळणाऱ्याला हात लावला की तो बाद. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि वळणावरच्या पंचानं लगेच माझा नंबर लिहून घेतला. मी त्यांना शिव्या दिल्या. काय दिल्या ते आठवत नाही, पण पोरं नंतर बरीच वर्षं त्या एकमेकांना म्हणून दाखवायची. त्यांनी मनगट सोडलं नाही. विहिरीवर नेऊन माझ्या डोक्यावर कळशीनं पाणी ओतलं. तळेगावच्या डॉक्टरांनी ताप बघितला आणि म्हणाले, पळाला असता तर काही झालंही असतं, नसतंही झालं. त्या वाक्याचा मी फक्त दुसरा अर्धा भाग धरून ठेवला.

आजही मी लोकांना विचारतो. खुर्चीत बसून, गार पाणी पिऊन, सतराचा पाढा उलटा किती जणांना येतो? विचारून बघा. मी ज्यांना विचारला त्यातल्या बँकेच्या साहेबाला आला नाही.

सरांचा प्रस्ताव गेला नाही. पुढची बरीच वर्षं ते तासिकेवरच राहिले, आणि कायम झाले तेव्हा निवृत्तीला थोडा काळ उरला होता. मी कॉलेज सोडलं. कामशेतला एका डंपरवर क्लीनर लागलो, मग ड्रायव्हर, मग एक डंपर, मग आठ. आज जुन्या हायवेला माझं ऑफिस आहे. मावळातल्या निम्म्या बंगल्यांखाली माझा मुरूम आहे. जे केलं ते भाव करून केलं, कुणाच्या "बरं"वर नाही.

त्यांच्याशी मी वीस वर्षं बोललो नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर ते स्वतः ऑफिसात आले. निवृत्त झालेले, पण मुलींचा संघ अजून तेच बघतात, फुकट. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "किसन, मैदानाचं वरचं वळण वाहून गेलंय. दोघींचे पाय मुरगळले. महिन्यानं निवड आहे. दहा-बारा गाड्या मुरूम हवा. कॉलेज म्हणतं पुढच्या वर्षी बघू."

मी चहा मागवला. एवढी वर्षं मी याच गिऱ्हाइकाची वाट बघत होतो.

"मुरूम देतो," मी म्हणालो. "वर रोलर देतो, माणसं देतो. तुम्ही एक द्यायचं. परंदवडीला मला थांबवलं ती चूक झाली, एवढं म्हणा. इथंच. कुणाला सांगणार नाही मी."

त्यांनी थोडा वेळ कपाकडं बघितलं. मला वाटलं भाव जुळतोय.

"म्हणायला काही जात नाही रे," ते म्हणाले. "पण ते म्हटलं तर उद्या एखादीला धरायची वेळ आली की माझा हात निघणार नाही. या वयात ते मला परवडणार नाही."

"तुमच्या त्या हातानं माझी नोकरी गेली."

"गेली."

"तुमची पण गेली."

"हो."

"मग कशासाठी?"

"तू सतरा आठे चार वेळा म्हणालास, किसन."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मग उचला एकेक दगड, जन्मभर उचलताय तसे. ऑफिसातली माणसं कामं सोडून बघायला लागली. सरांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, टोपी घातली. दारात चप्पल घालताना म्हणाले, "आईला नमस्कार सांग." मी ड्रायव्हरला फोन करून कॉलेजच्या कुठल्याही कामाला गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी तुंगार्लीला एका खोदाईवर निघालो होतो. सकाळची वेळ. गाडी मैदानाकडं वळवली. कशाला वळवली ते मला विचारू नका. वरच्या वळणावर सर एकटे होते. फावडं, घमेलं आणि कॉलेजच्या भिंतीचा जुना राडारोडा. चिखल झालेला सगळा भाग त्यांनी आधी खणून काढला होता, मांडीएवढा खोल, वीसेक फूट लांब. काम बरोबर होतं. चिखलावर मुरूम टाकला की तो पहिल्या पावसात बसतो, आधी खणावंच लागतं. पण एका माणसाचं काम नव्हतं ते.

"हे भरायला दिवाळी येईल," मी म्हणालो.

"येईल."

मी जायला वळलो नाही. ते फावड्यावर रेलून उभे राहिले.

"तुला एक सांगायचं राहिलं त्या दिवशी. ऑफिसात सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास मुरमासाठी सांगतोय." त्यांनी कपाळ बाहीला पुसलं. "परंदवडीला सकाळी पिना दिल्या तेव्हा तुझा तळहात भाजत होता. डोळे लाल होते. मला कळलं होतं. मी विचारलं नाही."

मी पायानं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं.

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. पण मी विचारलंच नाही. प्राचार्यांचा शब्द डोक्यात होता. म्हटलं, पळू दे, निघेल. तीन फेरे तेच म्हणत उभा होतो. चूक झाली ती तिथं झाली. रेषेवर. विहिरीपाशी नाही."

वीस वर्षं मी एका उत्तराची तयारी केली होती. चुकलो म्हणाले तर काय बोलायचं, नाही म्हणाले तर काय बोलायचं, दोन्ही पाठ होतं. हे त्या पाठात नव्हतं. ताप मी लपवला होता, त्यांनी तो पाहिला होता, आणि आम्ही दोघंही एकाच कारणासाठी गप्प बसलो होतो. ते कारण ते बोलून मोकळे झाले. मी माझं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज इथं लिहितोय ते पहिल्यांदा.

आणि हे त्यांनी मला असंच देऊन टाकलं होतं. बदल्यात काही मागितलं नव्हतं.

मी फोन काढून ड्रायव्हरला लावला, मैदानावर मुरूम पाठव म्हणालो. तेवढ्यात खालच्या पायवाटेनं मुलींच्या पायांचा आवाज आला. बारा-तेरा जणी, चढावरून मैदानात शिरत होत्या, दमलेल्या, माना खाली. वळण खणलेलं आहे हे पुढच्या दोघींना माहीत असावं, मागच्यांना असेल असं दिसत नव्हतं. सरांनी फावडं बाहेर टाकलं आणि खड्ड्याच्या तोंडाशी, अगदी कडेला, आत उभे राहिले. मांडीपर्यंत जमिनीत, वर नुसतं धड आणि दोन्ही बाजूंना पसरलेले हात.

"बोला शेठ," फोनवर ड्रायव्हर म्हणत होता. "किती गाड्या?"

मुली त्यांच्या दोन्ही अंगांनी फाकत गेल्या. एकीची वेणी त्यांच्या हाताला घासून गेली. ते वळले नाहीत. माझ्याकडंही बघितलं नाही. शेवटची मुलगी बरीच मागं होती, आणि ती येईपर्यंत ते तसेच उभे होते, तिच्या पायांकडं बघत.